एका डोळ्यात ही, एका डोळ्यात ती

॥ श्री ॥
दर्यापूर
३ ऑगस्ट २००७

चि. आचल हिस आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं, मंग शेजारच्या गोदाबाईले वाचून दाखवलं. ती म्हणे नातीचं पत्र आलं का तू अशी नाचते जशी विदर्भाच्या कबड्डी संघात तुलेच घेऊन राहिले. मी म्हटलं बोलावलं तं जाईन, कासोटा घालायची सवय आहे मले, तुमच्यासारखी पँट शोधत बसावं लागत नाही.

तुझा बाप म्हणते पोरीले फोन करत जा. पण होस्टेलचा फोन त्या वॉर्डनबाईच्या टेबलावर. त्याच्यावर तू नुसती हो, बरं, ठेवते, एवढंच बोलते. पत्रात कशी मोकळी बोलते. मी तिसरी शिकलेली, काना-मात्रा चुकली तं हसून घे, पण लिहिणं बंद करू नको.

इकडं पाणी बरं आहे. वावर सांभाळणाऱ्या देवरावनं डवरणी आटोपली, तण निघालं. कपाशी गुडघ्याले लागली. सोयाबीन अर्धं निघालं, अर्ध्यानं तोंडच दाखवलं नाही, दुबार पेरावं लागलं. साऱ्या तालुक्यात हीच बोंब.

आता तुझ्या कामाचं. तू लिहिलं का मैदानात चष्मा चालत नाही अन् अकोल्याच्या डॉक्टरनं लावून दिलेली ती कंपनीची लेन्स संपत आली. अमरावतीचा चष्मेवाला म्हणते आमच्या दुकानाच्या नावाची घ्या, स्वस्त पडते, कारखाना तोच, माल तोच, खोक्यावरचं नाव तेवढं आमचं. हे खरं का खोटं ते तुले समजत नाही. अन् बाबाले विचारायची सोय नाही, कारण तुझ्या बापानं, खुशालनं, पहिलेच सांगून ठेवलं आहे का डोळ्याची एक तक्रार आली तं कबड्डी बंद, चष्मा लावून डी.एड. कर.

अव माय, हे तं इकडं रोजचंच. तेच बी तीन नावाच्या थैल्यात येते. एक उगवते, एक कुजते, अन् दुकानदार तिन्ही वेळा देवाची शपथ घेते. तुझे आजोबा नवं बी आलं का साऱ्या वावरात नव्हते टाकत. ओळखीच्या बियाचं एक तास, म्हणजे एक ओळ, पेरायचे, त्याले लागून नव्याचं एक तास. जमीन तीच, पाणी तेच, डवरा तोच. दिवाळीले वावरच सांगायचं. गावातल्या गंगूबाईनं बी तसं केलं होतं, पण कोणत्या तासाले कोणतं बी ते फडकं बांधून ठेवायचं विसरली, अन् वर्षभर नवऱ्यासंग भांडली.

तं तू तेच कर. एका डोळ्यात ही घाल, एका डोळ्यात ती. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच आहे ना तुझा. पंधरा दिवस खेळ अन् पाहा. कोणत्या डोळ्यात कोणती ते तेवढं ध्यानात ठेव, गंगूबाई होऊ नको.

माया आहेच, ती खुशालीच्या दोन ओळींनी हिरवी ठेव.

तुझी आजी,
पार्वताबाई


अमरावती
१६ ऑगस्ट २००७

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सबीहाला वाचून दाखवलं. सबीहा म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण, तुला मागे सांगितलं होतं. ती इतकी हसली की वॉर्डनबाई वर आल्या. आता ती मला गंगूबाईच म्हणते.

पण आजी, तुझी युक्ती मला पटली. दुकानातून त्यांच्या नावाची लेन्स आणली. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही, नंबर विचारला आणि खोका काढून दिला. डाव्या डोळ्यात ती घालते. उजव्यात कंपनीची. कंपनीचीही शेवटचीच आहे. तशी ती महिनाभराने टाकून द्यायची असते, पण मी एप्रिलपासून हीच जपून वापरतेय. फक्त सरावापुरती घालते, बाकी वेळ चष्मा. दोन तास घातलेल्या लेन्सला काय होतं? तू नाही का नवं लुगडं लग्नाकार्यापुरतंच नेसत.

आठ दिवसांत सांगण्यासारखं एवढंच, की डाव्या डोळ्याला काही कळतसुद्धा नाही. चढाईला गेले की समोरच्या कोपऱ्यातल्या मुलीच्या पायाची बोटं वळलेली दिसतात, ती झेप घेणार की नाही ते आधीच समजतं. उजव्यात मात्र कण गेल्यासारखं वाटतं. मैदानाची धूळ असेल.

निवड चाचणी नऊ सप्टेंबरला, रविवारी, इथेच आहे. आमच्या कबड्डीच्या मॅडम म्हणाल्या की चढाईसाठी दोन मुली घेणार आणि त्यात माझं नाव त्या स्वतः पुढे करणार. माझ्या गावच्या, माझ्या कॉलेजच्या कुणालाच अजून एवढं मिळालेलं नाही.

एक मात्र कबूल कर. लेन्सचं, दुकानाचं, यातलं काहीही बाबांना सांगायचं नाही. अकोल्याला गेलीस तरी नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

देवरावकाकांना नमस्कार. तुझा हात डोक्यावर आहे असं समजूनच मैदानात उतरते.

तुझी,
आचल


॥ श्री ॥
दर्यापूर
२२ ऑगस्ट २००७

चि. आचल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

घ्या. पाह्यलं? वावरानं निकाल दिला.

नावाची कंपनी खुपते अन् दुकानाची पोरगी शहाणी निघाली. मी गोदाबाईले म्हटलं, माझं डोकं पाहा, शहरातल्या पोरी कॉलेजात शिकतात अन् फैसला दर्यापुरातून होते. ती म्हणे जास्त फुगू नको, लुगडं फाटीन. जळते ती. तिचा नातू पत्र पाठवत नाही, मिसकॉल देते.

मंग आता कायले थांबते? ती खुपणारी काढून फेक. दोन्ही डोळ्यात दुकानाचीच घाल. खेळ मनसोक्त. फक्त डोळा चोळू नको, अन् कोणी सांगतलं तरी त्यात काही टाकू नको. गोदाबाईनं मागच्या साली डोळ्यात मध टाकला होता, आठ दिवस तिले दार कुठं अन् भिंत कुठं ते समजेना. मध तिच्या बहिणीनं सांगतला होता, बहीण अजून म्हणते मधच पातळ होता.

शपथेचं म्हणशील तं खुशालपाशी मी तोंड उघडणार नाही. तो पोळ्याले येणार आहे. तो बैलाले शिंगोटी बांधीन, मी माझ्या तोंडाले मुसकं बांधीन.

तू विदर्भाकडून खेळली का मले फोटो पाठव, घामाचा असला तरी चालीन. तुझ्या आजोबाच्या फोटोजवळ जागा करून ठेवली आहे. तिथं खुशालचा कॉलेजातला होता, तो उचलून आत ठेवला.

आनंदात राहा, अन् मले त्यातला घासभर धाडत जा.

तुझी आजी


अमरावती
१ सप्टेंबर २००७

आजी,
आदाब. मी सबीहा, आचलची रूममेट. तुम्ही मला पाहिलं नाही, पण तुमची सगळी पत्रं मी ऐकलेली आहेत, म्हणून लिहायची हिंमत करते. आचलला हे पत्र माहीत नाही. कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, तेही कबूल.

आजी, तिचा उजवा डोळा चांगला नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तिने जुनी लेन्स काढली आणि त्याच दुखऱ्या डोळ्यात दुकानाची नवी घातली. म्हणाली, आजीने सांगितलं आहे, वावराने निकाल दिला. दोन दिवस ठीक होतं. आता डोळा लालभडक आहे, सारखं पाणी गळतं, सकाळी पापणी चिकटलेली असते. खोलीत बल्ब लावू देत नाही. दिवसा ओढणी तोंडावर घेऊन पडून राहते. आणि संध्याकाळी उठून परत लेन्स घालून मैदानात जाते. मॅडमनी विचारलं तर म्हणाली धूळ गेली.

मी म्हटलं, अरे चल, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणते नऊ तारखेनंतर. डॉक्टर पहिले लेन्स काढायला सांगणार, मग चाचणी गेली, आणि घरी कळलं की कॉलेजही गेलं. काल रात्री जेवताना तिने आमटीची वाटी उचलायला हात केला तो वाटीच्या बाजूला टेबलावर पडला. ती हसली. मला हसू आलं नाही.

माझे अब्बा म्हणतात, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत पडू नये. पण तिचं घर इथे मीच आहे ना सध्या. काही कमी-जास्त लिहिलं असेल तर माफ करा. लवकर या एवढीच विनंती.

तुमची,
सबीहा


॥ श्री ॥
अकोला
७ सप्टेंबर २००७

चि. सबीहा हिस आचलच्या आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बाई, तुझं पत्र मले मंगळवारी भेटलं अन् बुधवारी मी पहिल्या बसनं अमरावतीले आली. तू कॉलेजातून येण्याआधीच मी तिले घेऊन निघाली, म्हणून खोली रिकामी पाहून तू घाबरली असशील. चिठ्ठी ठेवायचं सुचलं नाही. आता सारं सांगते.

मी गेली तं ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मले पाहून उठली. कोणी सांगतलं ते पहिले विचारलं, मी सांगतलं नाही. मंग लागली हसून बोलायले, का आजी, काही नाही, उन्हानं लाल झाला. मी तिच्या चांगल्या डोळ्यावर हात ठेवला अन् म्हटलं सांग, माझ्या लुगड्याचा काठ कोणत्या रंगाचा. ती म्हणे हिरवा, तू तं हिरव्याच काठाचं नेसते. बाई, मी लाल काठाचं नेसून आली होती.

मंग ती रडली नाही, काही नाही. माझा हात घट्ट धरला अन् म्हणे, आजी, फक्त रविवारपर्यंत थांब. तू शपथ घेतली आहे.

काय सांगू तुले. इतक्या वर्षांत त्या पोरीनं मले काही मागितलं नव्हतं, सणाले बांगड्या बी नाही. मी खाटेच्या कडेले बसली. मले वाटलं चार दिवसानं काय होते. खरंच वाटलं. तेवढ्यात तिनं लेन्सच्या डब्बीकडे हात नेला अन् तो हात डब्बीच्या बाजूनं गेला, जसा तू आमटीचा लिहिला तसा. मी उठली अन् तिच्या मॅडमच्या घरी गेली. मॅडमले म्हटलं, पोरीले उजव्या डोळ्यानं दिसत नाही, तिचं नाव काढा.  मंग त्यांनीच ऑटो बोलावला बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत.

गाडीत खिडकीशी मी बसली, उजेड लागू नये म्हणून पदर धरून. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, तिनं पदराबाहेर तोंड काढलं नाही. समोरची बाई म्हणे सासरी नेऊन राहिले का पोरीले. मी म्हटलं नाही बाई, माहेरी.

डॉक्टर तोच, ज्यानं पहिले लेन्स लावून दिली होती. त्यानं यंत्रातून पाह्यलं अन् त्याचा चेहरा मी पाह्यला. बुबुळावर जखम आहे, पांढरी, ज्वारीच्या कणाएवढी. जंतू शिरले. म्हणे रविवारपर्यंत थांबल्या असत्या तं बुबुळ बदलायच्या गोष्टी कराव्या लागल्या असत्या. आता दर तासाले औषधाचा थेंब, दिवसा बी अन् रात्री बी. खुशाल अन् सून पाळीपाळीनं उठतात. खुशाल कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसते, तिथं झोपून पडला तं मालकानं विचारलं. खुशालले सारं सांगावं लागलंच. तो ओरडला असता तं बरं झालं असतं. त्यानं घड्याळ उशाशी ठेवलं अन् थेंबाची वेळ पाहत बसला.

तू विचारशील का लेन्स कोणती खराब होती. मी डॉक्टरले तोंडावरच विचारलं, का दुकानाची अन् कंपनीची सारखी असते का नाही ते एकदा सांगून टाक. त्यानं दोन्ही खोके घेतले अन् बारीक अक्षर वाचलं. म्हणे दुकानदार म्हणते तसा माल तोच, हे नेहमी खरं नसते. कधी तोच कारखाना दुकानाच्या नावानं भरून देते, कधी वेगळी असते. ही वेगळी आहे, पदार्थ वेगळा, हिचा वाटीसारखा बाक जरासा वेगळा, अन् ही पंधरा दिवसातच टाकायची, महिनाभर बी नाही. पण वेगळी म्हणजे वाईट नाही. तिच्या डाव्या डोळ्यावर चांगली बसली आहे. डोळ्यावर ठेवून, तपासून घेतली असती तं त्यानंच हो म्हटलं असतं. जखम केली ती कंपनीच्या लेन्सनं, अन् तिचा बी दोष नाही. एप्रिलची लेन्स ऑगस्टात घातली.

म्हणजे समजलं का तुले? बी दोन्ही चांगलं होतं. एका तासात नवं पेरलं, दुसऱ्यात जुनं कीड लागलेलं, अन् आमी थैलीवरचं नाव वाचत बसलो. वर दुखऱ्या डोळ्यात नवीन घालायले मीच सांगतलं. तुझे आजोबा असते तं मले बांधावर उभं केलं असतं, म्हणजे आचलचे आजोबा. लिहिण्याच्या भरात चुकलं.

तुझ्या अब्बाले सांग का तू दुसऱ्याच्या घरात नाही पडली, आपल्याच पडली. दर्यापूरले ये, तुले वांग्याची भाजी अन् रोडगे करून घालते.

ओळख पत्राची असली तरी ती जुनी समज.

तुझी बी आजी,
पार्वताबाई


अकोला
२१ सप्टेंबर २००७

आजी,

तू दर्यापूरला परत गेलीस, तेव्हा मी झोपलेली नव्हते. डोळे मिटून पडले होते.

डोळा बरा होतोय. थेंब आता दिवसातून चार वेळा. दुखत नाही. उजव्या बाजूच्या कडेला धुक्यासारखं आहे, ते राहील असं डॉक्टर म्हणाले, मधोमध नाही हे नशीब. तीन महिने कसलीच लेन्स नाही.

चाचणीत आमच्या कॉलेजातून दुसऱ्या मुलीचं नाव गेलं. सबीहाने कळवलं. तिने तुला लिहिलं होतं, हेही कळवलं.

बाबांनी काल सांगितलं की कॉलेजातून नाव काढायचं. डी.एड.चे अर्ज पुढच्या वर्षी.   एकच लेन्स एप्रिलपासून चालवली हे मी लपवलं, हे खरंच आहे.

तू शपथ मोडलीस तेही खरं आहे. डोळा वाचला हे मला समजतं. पण मनाला अजून समजत नाही. म्हणून सध्या पत्र पाठवू नकोस.

आचल


॥ श्री ॥
दर्यापूर
२५ सप्टेंबर २००७

चि. खुशालराव यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुले मी कधी पत्र लिहिलं नाही, कारण तू हाकेच्या अंतरावर असल्यासारखाच वाटते. पण समोर आली असती तं तू कामाचं निमित्त करून काट्यावर गेला असता. पत्राले उठून जाता येत नाही.

आचलनं मले लिहू नको म्हटलं, म्हणून तिले लिहून नाही राहिली. तुले लिहून राहिली.

तू तिचं कॉलेज बंद करून राहिला असं समजलं. तू बाप आहे, तुझा राग खरा आहे. एका डोळ्याचा जीव जात होता अन् घरात कोणाले माहीत नव्हतं. पण हे पाहा, तिनं का लपवलं? तू पहिलेच सांगून ठेवलं होतं का तक्रार आली का खेळ बंद. मंग तक्रार घेऊन तुझ्यापाशी कोण येईन? पोरगी काय मूर्ख आहे? तू लहानपणी पायात काटा मोडला तं सांगायचा नाही, का मी पोहणं बंद करीन म्हणून. पाय सुजून भोपळा झाला तवा समजलं. मी नदी नव्हती बंद केली. नदी बंद केली असती तं तू दुसऱ्या वेळी बी नसतं सांगतलं.

मी बी दोषी आहे. अर्धी शिकलेली बाई अन् डोळ्याचं वावर करून बसली. मले बोल, जे बोलायचं ते. पण तिले जाऊ दे. अट घाल. डॉक्टर हो म्हणीन तवाच लेन्स, तो दाखवीन तीच, अन् जितके दिवसाची तितकेच दिवस. अन् डोळ्याचं काही झालं तं पहिले सांगणार. एवढं तिनं मान्य केलं का मैदान तिचं.

नाही म्हणायचं असन तं ये अन् माझ्या तोंडावर म्हण. जेवण करून ठेवीन.

तुझ्या वाटेकडे कान लावून,
आई


अमरावती
१४ जानेवारी २००८

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी तिळगुळ घे. डबी सबीहाने पाठवली आहे, तिळाचे लाडू तिच्या हातचे असल्याने दाताची काळजी घे.

दिवाळीत तू मला जवळ घेतलंस तेव्हा तुझा पदर सोडवेना. तू बाबांना काय लिहिलं होतंस ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एक दिवस काट्यावरून आले आणि म्हणाले, जा. पण एक लक्षात ठेव, पुन्हा लपवलंस तर तिसरी वेळ येणार नाही.

डिसेंबरअखेर डॉक्टरांनी लेन्सला हो म्हटलं. मी दुकानाचीच नेली होती, नवी, बंद खोक्यातली. त्यांनी ती डोळ्यावर ठेवली, पापण्या मिटायला लावल्या, कितपत सरकते ते यंत्रातून पाहिलं आणि म्हणाले हीच चालेल, दर पंधरा दिवसांनी फेकायची. उजव्या कडेचं धुकं आहे तसंच आहे. मॅडमनी मला चढाईवरून डाव्या कोपऱ्यात घेतलं, तिथून सगळं मैदान माझ्या डाव्या बाजूला राहतं असं त्यांचं म्हणणं. खरं तर तसं नसतं, माझी समजूत घालायला म्हणाल्या, म्हणून मी वाद घातला नाही.

आता परवाचं सांगते. अकोल्याला खुली स्पर्धा होती. पहिल्यांदाच बाबांच्या गावात माझा सामना, आणि बाबा पाहायला येणार म्हणाले. ते आजवर एकाही सामन्याला आलेले नाहीत. सकाळी उठले तर उजवा डोळा किंचित लाल. दुखत नव्हता. खुपतही नव्हता. सबीहा म्हणाली गुलाबी आहे फक्त. मी आरशासमोर उभी राहिले, डबी हातात. आजी, लेन्स घातली असती तर कुणालाही कळलं नसतं. आणि न घालता मैदानात गेले असते तर बाबांनी विचारलं असतं, का नाही. दोन्हीकडून संपल्यासारखंच होतं.

मी चष्मा लावला आणि मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी नाव काढलं. बाकावर जाऊन बसले तेव्हा बाबा तारेपलीकडे उभे होते. त्यांनी पाहिलं की मी खेळायच्या कपड्यात आहे आणि चष्म्यात आहे. मधली तार ओलांडून आले आणि माझ्या शेजारी बसले. मी म्हटलं, डोळा लाल आहे, मॅडमना सांगितलं. ते काही म्हणाले नाहीत. सामना संपेपर्यंत नाही, संपल्यावर डॉक्टरांकडे नेलं तेव्हाही नाही. डॉक्टर म्हणाले साधी थंडीची लाली आहे, दोन दिवस लेन्स नको. बाबांनी चिठ्ठी खिशात घातली. अमरावतीच्या बसमध्ये बसवून दिलं आणि निघून गेले.

आम्ही थोडक्यात हरलो. मी असते तर हरलो नसतो असं मला वाटतं, पण ते प्रत्येक बसलेल्या खेळाडूला वाटतं.

बाबांचं मौन मला वाचता येत नाही. येत्या रविवारी ते तुझ्याकडे येणार आहेत, हरभरा पाहायला. ते कॉलेजविषयी काही बोलले तर मला लगेच कळव. वाईट असलं तरी कळव. आता लपवू नकोस तूही.

तुझ्या पायाशी बसल्यासारखं वाटतंय लिहिताना, तेवढी जागा राहू दे.

तुझी,
आचल


॥ श्री ॥
दर्यापूर
२१ जानेवारी २००८

चि. आचल हिस आजीचे अनेक अनेक उत्तम आशीर्वाद.

लाडू पोचले. एक गोदाबाईले दिला, अजून चावून राहिली, म्हणून आज शांतता आहे.

खुशाल काल आला. मी सकाळपासून छातीवर दगड ठेवून बसली होती. आला, हातपाय धुतले, वावरात गेला, हरभऱ्याचे घाटे चोळून पाह्यले, देवरावसंग पाण्याचं बोलला. तुझं नाव नाही. जेवायले बसला, भाकर मोडली, वांग्याची भाजी दोनदा घेतली. तुझं नाव नाही. मी बी विचारलं नाही. जीभ चावून चावून माझं तोंड आंबलं.

जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता एकदम उठला, चुलीतली राख घेतली अन् अंगणात रेघा पाडू लागला. मले वाटलं आता हे काय नवीन. इकडून एक लांब रेघ, तिकडून एक, मधात एक. मंग मले म्हणे, आई, तू इथं उभी राहा, तू डावा कोपरा. गोदाबाई कुंपणावरून पाहून राहिली होती, तिले बी बोलावलं, ती उजवा कोपरा. देवरावले मधात. अन् स्वतः कबड्डी, कबड्डी म्हणत आला आमच्या अंगावर. वजनकाट्यावर बसून बसून पोट सुटलं आहे त्याचं, दम दोन पावलात गेला. पण आम्हाले सारं सांगतलं, बोनसची रेघ कोणती, कोणाचा पाय मांगं राहिला म्हणून तुमचा शेवटचा गडी बाद झाला, अन् डाव्या कोपऱ्यात जी पोरगी उभी होती तिनं झेप उशिरा घेतली. म्हणे तिथं आचल असती तं धरला असता.

गोदाबाईनं त्याचा पाय धरला, खरंच धरला, अन् दोघं बी राखेत पडले. त्याचा गुडघा खरचटला.

मी हळद लावून राहिली होती तवा तो बोलला. माझ्याकडे पाहून नाही, गुडघ्याकडे पाहून. म्हणे, आई, मी तार ओलांडून गेलो तवा मले वाटलं आता ही काहीतरी सांगीन, धूळ गेली म्हणीन. अन् तिनं म्हटलं डोळा लाल आहे. मी काय बोलणार होतो? बोललो असतो तं तिथंच रडलो असतो, साऱ्या लोकांत.

मंग थोड्या वेळानं विचारलं का तिचा पुढचा सामना कुठं आहे. मी म्हटलं मले काय माहीत, पोरगी तुझी, तूच विचार. तो म्हणे फोन त्या वॉर्डनबाईच्या टेबलावर असते.

मी त्याच्यापुढं एक कोरं आंतर्देशीय ठेवलं अन् भांडे घासायले गेली. बराच वेळ बसला होता. काय लिहिलं ते मी पाह्यलं नाही, चिकटवून खिशात घालून घेऊन गेला. पण लिहिता लिहिता एकदा आतून ओरडून विचारलं, का आई, पोरीले पत्र लिहायचं तं वरती काय लिहितात.

तुझी आजी,
पार्वताबाई